पांढरीचं घर : प्रकल्प नोंदी (फेब्रुवारी २०२४ ते जानेवारी २०२५)

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

नोंदी आजपासून लिहायच्या ठरवल्यात. गेल्या दोन वर्षांत तू काय केलंस असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. दादा (माझे वडील) गेले २०२२ च्या पावसाळ्यात, त्यानंतर ऑफिस, टॉवेलवाल्यांचे जीएसटी रिटर्न, जुळे सोलापूरचा फ्लॅट, परत ऑफिस. दिवस भरायचा पण रात्री हातात काही उरलेलं नसायचं.

प्रकल्प असा आहे : वळसंगच्या अलीकडं अक्कलकोट रोडवरनं आत साडेतीन किलोमीटरवर आज्जांचं शेतातलं घर आहे, पाच खणांचं, दगडमातीच्या भिंती, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर), पुढं ओसरी, बाजूला पडकी गोठ्याची पडवी. बांधून किती वर्षं झाली विचारलं तर अप्पा (माझे चुलते) म्हणतात माझ्या जन्माच्या आधीचं, आणि अप्पा आता एक्काहत्तर. आज्जी गेल्यापासनं म्हणजे २०११ पासनं बंदच आहे. दुरुस्त करायचं, शनिवार-रविवार जाऊन राहायचं. बजेट दोन लाख ऐंशी हजार. काम ३१ मे पर्यंत पूर्ण. एक्सेल शीट केली, रकाने पाडले, शेवटच्या रकान्यात काम संपल्याची तारीख.

आईला सांगितलं तर ती म्हणली, "शनिवार-रविवार कशाला? मी तिथंच राहती की." ते मी आत्ता मनावर घेतलेलं नाही.

११ फेब्रुवारी

मिस्त्रीमामा येऊन बघून गेले. माळवदाची कामं करणारे आता भागात दोन-तीनच राहिलेत, त्यातले हे एक, सत्तरीच्या आसपास, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलतात. घरभर फिरले, प्रत्येक तुळईवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावला. तासभर एक शब्द नाही. मग ओसरीवर बसून पहिला प्रश्न : "इथं चूल कोण पेटवणार?"

मी म्हणलं मामा, गॅस आणू की.

"मग वर पत्रा टाका सावकार. माझं काम न्हाय ते."

मला वाटलं जुनी माणसं असतात अशी. त्यांना घरी सोडून आलो. पण प्रश्न डोक्यात राहिला.

१८ फेब्रुवारी

परत गेलो मामांकडं, नीट विचारलं. ते काही बोलले नाहीत, मला घेऊन घरी आले आणि आधी स्वयंपाकाच्या खोलीत नेलं. तिथल्या तुळया, किलचणं (तुळयांवर आडवी टाकलेली बारीक लाकडं) सगळं काजळीनं काळं कुळकुळीत, हात लावला तर बोट काळं होतं पण लाकूड दगडासारखं. कुदळीचं टोक मारलं तर ठणकन् आवाज आला. मग शेवटच्या खोलीत नेलं, जिथं चूल कधीच नव्हती, नुसत्या धान्याची खोली. तिथल्या तुळईत टोक रुतलं, आतनं वाळवीची माती भुरुभुरु खाली. एकाच वर्षाची, एकाच झाडाची लाकडं असतील दोन्ही.

धूर वर जातो, साण्यातनं (छपराला ठेवलेल्या भोकातनं) बाहेर पडायच्या आधी लाकडावर बसतो, आणि तसलं लाकूड वाळवी आणि भुंगा खात नाहीत. रोजचा स्वयंपाक हेच त्या लाकडाचं औषध होतं. तेरा वर्षं चूल पेटली नाही तर हळूहळू घर खाल्लं जातंय. मी आजपर्यंत समजत होतो की घर जुनं झालं म्हणून पडायला लागलंय.

शीटमध्ये "गॅस शेगडी" अशी ओळ होती. काढली.

२५ फेब्रुवारी

पश्चिमेच्या भिंतीचं सिमेंट प्लॅस्टर काढायला घेतलं. हे बारा-चौदा वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं केलेलं, त्या वेळी आम्हीच पैसे दिले होते आणि भिंत गुळगुळीत दिसली म्हणून खूष पण होतो. आता छिन्नी लावली की ताटाएवढे पापुद्रे निघतात आणि मागची मातीची भिंत ओली, पांढऱ्या मिठासारखा लोणा लागलेला. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि बाहेर सोडते, तिचा तो श्वासच आहे, वरनं सिमेंट लावलं की ओल आतच कोंडून बसते आणि भिंत आतनं पिठासारखी होते. दोन दिवस लागले. उघडी भिंत आता महिनाभर वाळवायची, लगेच काही लावायचं नाही म्हणतात मामा.

२ मार्च

मागच्या भिंतीत दगड निखळून भोक पडलंय, ते बुजवायचं होतं. मसाला कालवला, शिडी लावली, आणि आतनं दोन पिवळे डोळे. पिंगळा, म्हणजे छोटं घुबड. मागं बारीक चिरचिर आवाज, पिल्लं असावीत. मसाला दुसरीकडं वापरला. भोक यादीतनं काढलेलं नाही, फक्त तारीख पुढं ढकलली.

१७ मार्च

आजची नोंद मोठी होणार.

माळवदावर टाकायला पांढरी माती पाहिजे. आमची सगळी जमीन काळी, आणि काळी माती छपरावर चालत नाही, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात फुगते. म्हणून आज्जांनी गावातनं बैलगाडीनं पांढरी आणलेली. जुनी माणसं काळी आणि पांढरी हे दोनच शब्द वापरायची : काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. काळीत पिकवायचं अन् पांढरीत राहायचं. हे मी लहानपणापासनं ऐकत आलोय पण पांढरी पांढरी का असते हे कधी विचारलंच नव्हतं.

मामांनी पडक्या गोठ्याच्या भिंतीचा ढिगारा दाखवला, म्हणले गावच्या पांढरीला हात लावायची गरज न्हाय, ही तुमचीच आहे, चाळून घ्या. (गावठाणाचं टेकाड तसंही उकरू नये, त्यात जुन्या वस्त्यांच्या खुणा असतात आणि एकदा उकरलं की त्या गेल्या.) चाळायला बसलो, आई पण बसली. चाळणीवर काय काय राहिलं : कोळशाचे खडे, खापराचे तुकडे, जळकं ज्वारीचं कणीस, हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा, हाडाचं बारीक कांडकं, एक चिंचोका. आईनं बांगडीचा तुकडा पदराला पुसला आणि देवळीत ठेवला.

मी विचारलं हे सगळं मातीत कसं काय? तर मामा म्हणले, अहो हीच माती. शेकडो वर्षं लोकांनी चुलीची राख टाकली, शेण टाकलं, सारवलं, भिंती पडल्या, त्याच मातीनं परत बांधल्या, त्या पण पडल्या. ते सगळं मिळून पांढरी. कानडीत बिळी मण्णु. शेतातली माती देवानं दिली, ही माणसांनी केली.

मला पुढं काही सुचेना. म्हणजे आमच्या डोक्यावर जे छप्पर आहे ते कुणाच्या तरी रोजच्या स्वयंपाकाच्या राखेचं आहे, कोण बाई होती, किती वर्षांपूर्वी भाकरी करत होती, माहीत नाही, तिनं सकाळी चूल सारली आणि राख बाहेर टाकली आणि तिच्या लेखी ते काम एवढंच होतं. आणि मी दोन वर्षं म्हणत होतो की माझ्या दिवसातनं काही उरत नाही.

संध्याकाळपर्यंत चौदा पाट्या चाळून झाल्या. कंबर गेली.

९ एप्रिल, पाडवा

आई राहायला आली. गुढी ओसरीच्या खांबाला बांधली. मामांच्या सुनेनं चूल आणि शेजारी वैल घालून दिलेला, आठ दिवस वाळवून आज पहिला जाळ. तुराट्या आणि गोवऱ्या. आधी सगळं घर धुरानं भरलं, डोळ्यातनं पाणी, कारण साण्याच्या तोंडाशी तेरा वर्षांचा कचरा आणि एक मोडकं घरटं अडकलेलं. वर चढून मोकळं केलं आणि धूर दोरीसारखा सरळ वर गेला. आई खाली उभी राहून बघत होती. मग म्हणली, "आत्ता घर झालं."

कडुनिंबाचा मोहर, गूळ, हरभऱ्याची डाळ. बायको आणि मुलगी दुपारी परत सोलापूरला गेल्या, शाळा आहे दोघींना (एक शिकवते, एक शिकते). मी ऑफिसशी बोलून मंगळवार आणि शुक्रवार असं जायचं ठरवलंय, बाकीचं काम लॅपटॉपवर. नेटवर्क फक्त माळवदावर मिळतं.

२८ एप्रिल

दुपारी अडीच वाजता थर्मामीटर लावून बघितला. बाहेर लिंबाखाली ४२, माजघरात ३३. भिंत मोजली, दोन फूट नऊ इंच. फ्लॅटमध्ये याच वेळेला कूलर लावून पण डोकं दुखायचं. आतल्या गारव्यात आई घोंगडीवर झोपलेली, मी भिंतीला पाठ लावून रिटर्न भरत होतो. भिंतीची ऊब बाहेरनं आत यायला रात्र होते, आणि रात्री आपण अंगणात झोपायला गेलेलो असतो. ज्यानं बांधलं त्यानं दिवसाचं हे वेळापत्रक धरूनच भिंतीची जाडी ठरवली असणार.

७ मे

मतदान करून आलो. उजनी (धरण) मायनसमध्ये गेलीय, म्हणजे वापरायचं पाणी संपलंय, बोअर अर्धा तास चालतं मग हवा. मसाला भिजवायला टँकर मागवला, बाराशे रुपये.

अंगण झाडताना ओसरीसमोरच्या फरशीचा आवाज पोकळ आला. अप्पांना फोन केला तर जोरात ओरडले, "उघडू नको! मी येतो." ते पेव आहे, जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंड माणूस उतरेल एवढंच आणि आत रांजणासारखं पसरट. आमच्या जिल्ह्यात, मंगळवेढ्याकडं तर जास्तच, ज्वारी अशी पेवात ठेवायचे, वर्षानुवर्षं टिकायची. आत हवा कोंडलेली असते, धान्य श्वास घेतं आणि त्यातला प्राणवायू संपवतं, म्हणून कीड मरते. आणि म्हणूनच उघडल्या उघडल्या आत उतरलेला माणूस पण मरतो. अप्पांनी फरशी सरकवून दिवसभर उघडं ठेवलं, संध्याकाळी दोरीला कंदील बांधून आत सोडला. तीन हात गेला आणि ज्योत विझली. परत लावला, परत विझली. मुलगी आली की तिला दाखवायचं, आणि तोवर वर जाळी आणि दगड.

आई म्हणली हे पेव शेवटचं बाहत्तरच्या दुष्काळात काढलं असं सासूबाई सांगायच्या. आई तेव्हा माहेरी, बारा वर्षांची, खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) यायचा आणि त्याच्या भाकरीला चवच नसायची. हे तिनं मला आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं, म्हणजे दुष्काळ माहीत होता पण खडी फोडल्याचं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा झालो मी. चुलीपुढं बसल्यावर ती बोलते, फ्लॅटमध्ये टीव्हीपुढं बसायची.

१४ ते २६ मे, माळवद

रोज लिहायला जमलं नाही, एकत्र लिहितो.

वर खणून बघितलं तर मातीचा थर सोळा इंच. दर वर्षी उन्हाळ्यात नवीन माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, असं कितीतरी वर्षं झालेलं. हिशोब केला : तीस बाय चौदा फूट, सोळा इंच, म्हणजे चोवीस टनांच्या आसपास वजन त्या तुळयांवर. माळवदाची घरं बरीचशी अशीच बसतात, पावसात ती माती भिजून आणखी जड होते आणि एका रात्री तुळई मोडते. आधी सात इंच माती उतरवली, नऊ ठेवायचे. दोन गडी, मी, आणि शनिवार-रविवारी मेव्हणा.

शेवटच्या खोलीच्या दोन तुळया बदलल्या. सोलापुरातल्या जुन्या लाकडाच्या वखारीत पाडलेल्या वाड्याचं सागवान मिळालं, दोन्ही मिळून एकवीस हजार. एका तुळईवर मधोमध पाळण्याची कडी तशीच आहे. कुणाच्या घरातलं बाळ तिथं झोपलं असेल. कडी काढू नका म्हणालो.

मग किलचणं, त्यावर कडुनिंबाचा पाला, त्यावर चिखलाचा थर, त्यावर पांढरी. पांढरीत राख, शेण, ज्वारीचा भुसा घालून आठ दिवस भिजवून कुजवलेली, रोज पायानं तुडवलेली. पहिल्या दिवशी पायांना चिकटणारा गोळा असतो, आठव्या दिवशी लोण्यासारखी होते आणि वास पण बदलतो, आंबूस. तुडवताना मी सुरुवातीला फोनवर काहीतरी ऐकायचो, तिसऱ्या दिवशी फोन खालीच ठेवला. पायाला खडा लागला की वाकून काढायचा, परत तुडवायचं. चार तास कसे जायचे कळायचं नाही. ऑफिसमध्ये चार तास गेले की मी दमून घड्याळाकडं बघायचो.

पन्हळीकडं उतार काढायला मामांनी पाण्याची नळी वापरली नाही, वर घमेलंभर पाणी ओतलं आणि कुठं थबकतं ते बघत बसले. लाकडी चोपण्यानं चोपून चोपून शेवटचा थर बसवला. ऊन एवढं की सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतरच काम.

राख कमी पडली, ती मात्र आईच्या चुलीतनं रोज मिळाली ती सगळी घातली, पाडव्यापासनंची. दीड पोतं.

३१ मे

शीटप्रमाणे आज काम पूर्ण. खर्च तीन लाख बारा हजार. पश्चिमेची भिंत लिंपायची राहिलीय, पिंगळ्याचं भोक राहिलंय, पडवी राहिली. मामांना म्हणलं बाकीचं दिवाळीनंतर संपवू. ते म्हणले, "संपवायचं कशाला?" खरंच कळलं नाही त्यांना मी काय म्हणतोय ते.

९ जून

काल रात्री मृगाचा पाऊस. आधी विजा, मग वारा, मग एकदम ओतायला लागला. बाजूच्या वस्तीवरनं मामांचा आवाज, "मळी बंतु, मळी!" आई आणि मी कंदील घेऊन खोलीखोलीतनं वर बघत फिरत होतो. पावणेदोनला साण्याच्या कडेनं टपटप चालू झालं, बरोबर आईच्या अंथरुणावर. वर चढलो, पोत्याची खोळ डोक्यावर, भेग सापडली, बोटभर. आईनं खालनं पाटीत कोरडी पांढरी आणि राख दिली, ती भेगेत दाबली, टाचेनं तुडवली, परत घातली, परत तुडवली. वीस मिनिटांनी आई खालनं ओरडली, "थांबलं!"

अंग थरथरत होतं गारठ्यानं, पण एवढा आनंद मला गेल्या कित्येक वर्षांत झालेला नाही. आईनं चहा केला, तीन वाजता रात्री, दोघं चुलीपुढं बसलो. दादा असते तर हे दोघांनी केलं असतं, ते आणि आज्जा. मिलमध्ये लागायच्या आधी दादांनी पण कधीतरी इथं वर जाऊन टाचेनं माती दाबली असणार. त्यांचं दुःख मला पहिल्यांदा मोकळं झालं, रडलो, आई काही बोलली नाही, जाळ सारत बसली.

२२ जून

काल वटपौर्णिमा, आणि आमच्याकडं कारहुणवी, बैलांचा सण. अप्पांचे बैल रंगवून आणले, ओसरीपुढं उभे करून आईनं ओवाळलं. पाऊस चांगला आहे. माळवदावर गवताचे कोंब आलेत, रोज सकाळी वर जाऊन उपटतो. पाच मिनिटांचं काम, पण आठ दिवस नाही केलं तर मुळं खाली जातात आणि त्या वाटेनं पाणी.

१७ जुलै, आषाढी

आई वाखरीपासनं पंढरपूर चालत गेली, काकूबरोबर. मी एकटा घरी. चूल मी पेटवली. तीन काड्या लागल्या.

९ ऑगस्ट, नागपंचमी

आज खणायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पडवीच्या पायाचं काम थांबवलं. उजनी भरली, मे मध्ये मायनसमध्ये होती ती तीन महिन्यात शंभर टक्के. वारुळापाशी आई दूध-लाह्या ठेवून आली.

१५ सप्टेंबर

ही नोंद लिहू की नको असं झालंय पण लिहितो. मुलगी फोनवर म्हणली, "पप्पा, तुम्हाला आमच्यापेक्षा ते घर जास्त आवडतं का?" आठवीत आहे ती. मला लगेच उत्तर देता आलं नाही आणि ते तिला कळलं. गेल्या महिन्यात पावसामुळं दोन शनिवार त्या आल्या नाहीत, एका मंगळवारी मी गेलो नाही. इथं मला जे सापडलंय म्हणून मी लिहितोय त्याची किंमत दुसरं कुणी देतंय का, हे मी बघितलंच नव्हतं. बायको काही बोलत नाही, ते जास्त लागतं.

संध्याकाळी गाडी काढून सोलापूरला गेलो, रविवार असूनसुद्धा. चौघांचा स्वयंपाक असतो तिथं आता तिघांचा पण नसतो, दोघींनी वरण-भात केलेला. भांडी मी घासली. मुलगी शेजारी उभी राहून पुसत होती, तेव्हा बोलली, शाळेतलं सगळं, पाऊण तास. मी म्हणलं आता तीन दिवस इकडं आणि चार तिकडं. आईला सांगितलं, तिनं लगेच हो म्हणलं, "मला काय एकटीला भ्या वाटतंय व्हय? काकू येती झोपायला."

३ ऑक्टोबर, घटस्थापना

घटाची माती शेतातनं आणली, काळी. त्यात ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस. घटाखाली पत्रावळ. घर सगळं आधीच्या आठवड्यात सारवून घेतलं, पश्चिमेची भिंत एकदाची लिंपून पोतेरा दिला. अप्पांची मालदांडी ज्वारीची पेरणी काल संपली. मालदांडी ३५-१ ही मोहोळच्या संशोधन केंद्रातली निवड, आणि इतकी नवीन बियाणं आली तरी इकडं भाकरीला आणि कडब्याला लोक अजून तीच धरून आहेत. हत्तीचा (हस्त नक्षत्राचा) पाऊस झाला की रब्बीची ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते, काळी माती ती ओल धरून ठेवते. छपरावर नको असलेला तिचा गुण शेतात सगळ्यात मोलाचा.

४ नोव्हेंबर

दिवाळीला सगळे इथं. मुलगी नऊ दिवस राहिली. तिला पेव दाखवलं, कंदील सोडून दाखवला, या वेळेस विझला नाही, सहा महिने जाळीतनं हवा लागलीय. तिनं विचारलं आत काय ठेवायचं? मी म्हणलं ज्वारी. ती म्हणली मग भरूया की. तिला साणं झाडायला फार आवडतं, माझ्यापेक्षा हलकी आहे, माळवदावर पाय पण हळू पडतो. पाळण्याच्या कडीला तिनं आणि बायकोनं झोपाळा बांधला. कडी वजन धरती.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

येळवस. शेतात कडब्याची कोप (छोटी झोपडी) केली, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडले. आईनं आणि काकूनं दोन दिवस राबून भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खिचडा, शेंगापोळी केली, सगळं चुलीवर. सोलापुरातनं ऑफिसचे दोघं आले, मिस्त्रीमामा सगळ्या घराला घेऊन आले. आंबील शेतात शिंपडत अप्पा पुढं, आम्ही मागं, चांगभलं म्हणत. ज्वारी छातीएवढी, पोटऱ्यात आलेली. एकूण एकतीस माणसं जेवली. कोण कोण हे लिहून ठेवायचं होतं पण वाढण्यात राहून गेलं.

जेवण झाल्यावर मामा न विचारता माळवदावर चढले. चालत चालत कडेपर्यंत गेले, टाच दाबून बघितली तीन-चार ठिकाणी. खाली येऊन म्हणले, "बसली." मग म्हणले उन्हाळ्यात दोन बोटं नवीन टाकायची, तेवढीच वरनं खरवडून काढायची, आणि राख आत्तापासनं साठवा, मागच्या वेळी कमी पडली होती.

१२ जानेवारी २०२५, रविवार

उद्या भोगी. आई तीळ लावून बाजरीच्या भाकरी करणार, घेवडा, वांगी, गाजर, हरभरा, सगळी भाजी शेजारच्या वस्तीवरनं आली. मुलगी आणि बायको काल आल्यात, पुढच्या आठवड्यात सगळे मिळून सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला जायचं ठरलंय.

पिंगळ्याच्या भोकात परत हालचाल आहे. त्या ओळीपुढची तारीख परत बदलली.

पडवीचं जोतं दोन फूट वर आलं. चाळलेली पांढरी सात पाट्या. पोत्यांचे पंचेचाळीस रुपये.

सकाळी मुलीनं चूल सारली, खराट्यानं राख सुपात ओढली, खडे निवडून काढले. चौथं पोतं आज भरलं. तोंड बांधून ठेवलंय, मे साठी.